कथेच्या वाटेने आलेला ख्रिस्त



१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीच्या एका डब्यात तिशी ओलांडलेला एक मराठी कवी बसला होता. समोर एक युरोपियन सहप्रवासी होता. दोघांत बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून. पुढे गोष्ट धर्मावर आली. निरोप घेताना त्या परक्या माणसाने कवीच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. त्या प्रवाशाचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. कवीचं नाव मात्र आपण सगळे जाणतो: नारायण वामन टिळक. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ती गाडी भंडारा, तुमसर, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी आपल्याच मुलखातून गेली असणार. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात नाशिक, नगर, पुणे, वसई यांची नावं सतत येतात. झाडीपट्टीचं नाव कुणी घेत नाही. म्हणून आज इथूनच सुरुवात केली.

मी धर्मोपदेशक नाही, साहित्याचा अभ्यासक आहे. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत कसा आला, असं विचारलं की लोक मिशनऱ्यांच्या वादविवादांची, पत्रकांची, शाळा-दवाखान्यांची नावं सांगतात. ते सगळं घडलं. पण मराठी मनात ख्रिस्त जिथे जिथे खरोखर रुजला तिथे तो गोष्टीच्या वाटेने आला. ओवीतून आला, अभंगातून आला, कीर्तनातून आला, एका बाईच्या आठवणींतून आला, शेवटी पडद्यावरून आला. आणि सांगणाऱ्याने गोष्टीत काय ठेवलं, काय बदललं, कुठे तो थांबला आणि कुठे रडला, त्यातच त्याचा धर्मविचार असतो. सिद्धांत नंतर मांडला जातो. हे माझं म्हणणं आहे आणि आज ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

गोष्टीतून देव समजून घेणं तुमच्या या नवेगाव बांधला नवीन नाही. तुमचा हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. गॅझेटियर एवढंच सांगून थांबत नाही. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाले, तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्यांचं ठाणं आहे आणि भोवतालच्या टेकड्या या सात बहिणी असून बांध पुरा करायला त्यांनी हातभार लावला, हेही तिथे नोंदलेलं आहे. पाणी अडवणं हे पुण्याचं काम आहे आणि ते एकट्या माणसाच्या बळावर होत नाही, हा विचार इथल्या लोकांनी ग्रंथात लिहिला नाही. सात बहिणींच्या गोष्टीत ठेवला. अडीचशे-तीनशे वर्षं तो टिकला.

येशूचीही हीच रीत होती. तोही तलावाकाठचाच. गालील नावाच्या गोड्या पाण्याच्या सरोवराकाठी, कोळ्यांच्या वस्तीत त्याने बोलायला सुरुवात केली. गर्दी इतकी झाली की तो होडीत बसला, होडी काठापासून जरा आत नेली आणि पाण्यावरून काठावरच्या लोकांशी बोलला. रात्रभर जाळं टाकून हाती काही न लागलेल्या कोळ्यांची निराशा शुभवर्तमानात येते, ती आपल्या ढिवर बांधवांना समजावून सांगावी लागणार नाही.

त्या होडीतून सांगितलेली पहिली मोठी गोष्ट पेरणाऱ्याची आहे. एक माणूस बी फेकत जातो. काही वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. चर्चमधलं प्रवचन बहुधा जमिनीच्या चार प्रकारांवर असतं: तुमचं मन कोणत्या जमिनीसारखं आहे? पण झाडीपट्टीच्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगा. तो आधी विचारील, हा माणूस बी वाटेवर टाकतोच कशाला? आपल्याकडे पऱ्हे टाकून, चिखलणी करून, एकेक रोप हाताने बांधीत रोवतात. आवत्या पेरणारा शेतकरीसुद्धा धुऱ्यावर बी फेकत नाही. बियाणं म्हणजे पोटाला चिमटा काढून राखलेलं धान्य. तुमच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न पुष्कळ भाष्यकारांपेक्षा गोष्टीच्या गाभ्याजवळ जातो. पेरणारा उधळा आहे. जमीन पारखून मग द्यायचं, हा त्याचा स्वभाव नाही. देवाविषयी एवढं मोठं विधान येशूने केलं ते एका शेतकऱ्याच्या वेडेपणातून.

आता टिळकांच्या गाडीबरोबर जरा पुढे जाऊ. सालेकशाच्या पुढे दरेकसा लागतं आणि तिथून जवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड बांधव तिथे येतात. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या आपल्या पूर्वजांना सोडवलं, ही त्यांची श्रद्धा. ही लिंगोची कथा छापील रूपात जगापुढे आणण्यात ज्या माणसाचा मोठा वाटा, तो ख्रिस्ती मिशनरी होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा माणूस १८४५ साली नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. शाळा चालवता चालवता तो खडक, जीवाश्म आणि माणसांच्या गोष्टी गोळा करत असे. परधान गायकांकडून त्याने लिंगोचं गीत मूळ गोंडीत उतरवून घेतलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये छापले.

त्या गीतात काय आहे? लिंगो निरपराध आहे. त्याच्यावर खोटा आळ येतो आणि त्याचेच भाऊ त्याला मारतात. देव अमृत पाठवतो, लिंगो उठतो आणि ज्यांनी मारलं त्यांच्यासह सगळ्या जमातीच्या सुटकेच्या कामाला लागतो. हिस्लॉप रोज जी कथा सांगायला बाहेर पडत होता तिच्याशी हे किती जवळचं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही. दोन्ही कथा एकच आहेत, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं दोघींवरही अन्याय होईल. लिंगो गोंडांचा आहे, त्याला कुणाची पूर्वतयारी ठरवू नये. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की सांगायला आलेला माणूस ऐकायला बसला. ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासात असे प्रसंग विपुल नाहीत. जे आहेत ते जपले पाहिजेत.

आता अडीचशे वर्षं मागे आणि गोव्यात जाऊ, कारण मराठीत ख्रिस्ताची मोठी गोष्ट प्रथम तिथे सांगितली गेली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याची नोंद होते. मायदेशी कॅथलिकांचा छळ चालू होता आणि इथे त्याच कॅथलिक सत्तेच्या छायेत तो राहणार होता. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन बसलं होतं. देवळं पाडली गेली होती, पोथ्या जाळल्या गेल्या होत्या. साष्टीतल्या कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी मारलं आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावच्या पुढाऱ्यांना बोलावून, दगा देऊन घेतला. स्टीफन्सचं हिंदुस्थानातलं बहुतेक आयुष्य याच साष्टीत गेलं. हा रक्ताचा संदर्भ बाजूला ठेवून त्याच्या ओव्यांचं कौतुक करता येणार नाही.

१६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे नव्हते. ग्रंथाचं निमित्त त्यानेच आत सांगितलं आहे. रविवारी मुलांना धर्माची शिकवण देऊन झाल्यावर एक माणूस विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केली, मग आम्ही वाचायचं काय? वेळ घालवायला, मन रमवायला, मुलाबाळांना ऐकवायला तुमच्याकडे काय आहे?

हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. विचारणारा सिद्धांत मागत नाही. प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथी त्याच्यापुढे आहेच. त्याला गोष्ट हवी आहे. ज्यांच्या घरातून ओवी हिसकावून नेली त्यांची ही तहान आहे. स्टीफन्सचं मोठेपण असं की त्याने तो प्रश्न अपमान मानला नाही, काम मानलं. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी त्याने घेतली. स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत सगळी कथा पुराणिकाच्या बैठकीवर बसून सांगितली. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही आल्या. मराठीवर प्रेम करणारा इंग्रज म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो. पण त्या ओव्या मंगलाचरणाजवळच्या आहेत, ग्रंथ पुढे आहे आणि तो कुणी वाचत नाही.

वैकुंठ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात विष्णू येतो, तुळस येते, पंढरीची वाट येते. स्टीफन्सला हे कळत नव्हतं? तो कोकणी आणि मराठीचा जाणकार होता, कोकणीचं व्याकरण त्याने लिहिलं आहे. मला वाटतं, त्याने ती जोखीम जाणूनबुजून पत्करली. त्या वैकुंठाच्या राजाला त्याने गोठ्यात जन्माला घातलं आणि क्रुसावर टांगलं. ऐकणाऱ्याच्या ओळखीचं घर वापरायचं आणि आत अनोळखी पाहुणा बसवायचा, ही त्याची रीत. घर बदललं का पाहुणा बदलला, हा प्रश्न चारशे वर्षांनंतरही अभ्यासकांना सुटलेला नाही. माझ्या मते दोघंही बदलले.

पुस्तकाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. छापील प्रती नष्ट झाल्या, पण पोथ्या उरल्या. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितं जपली आणि १९०७ साली मंगळुरूला जोसेफ सालढाणा यांनी त्यांच्या आधारे ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत तो यायला १९५६ उजाडलं. ते काम शांताराम बंडेलू यांचं. सत्तेने आणलेली गोष्ट सत्तेनेच मोडायला काढली आणि साध्या माणसांनी ती वाचवली.

टिळकांकडे परत येतो. त्यांच्यामागे कोणतीही बंदूक नव्हती, उलट गमावण्यासारखं सगळं होतं. घर, जात, पत्नी, मूल. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. हा पूल त्यांनी मागे जाळला नाही. इंग्रजी चालींवर बसवलेल्या परक्या गीतांऐवजी त्यांनी अभंग लिहिले. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं, गुरू म्हटलं. युरोपच्या धर्मशास्त्राने देवाला बाप म्हणायला शिकवलं होतं. टिळकांच्या मराठीने त्याला पंढरीच्या विठाईजवळ नेऊन आई केलं. नगर भागात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं होतं, कृष्णराव सांगळे यांचं नाव त्यात अग्रभागी येतं. टिळकांनी त्या वाटेला काव्याची उंची दिली. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे येऊ शकत होता. ९ मे १९१९ रोजी ते गेले. तुमच्या या पाणपक्ष्यांच्या गावात एवढंही सांगायला हवं की ‘केवढे हे क्रौर्य’ ही बाणाने विद्ध झालेल्या पक्षिणीची कविता याच टिळकांची. पाखराच्या वेदनेपुढे थांबणारा आणि क्रुसापुढे थांबणारा माणूस एकच होता.

पण मला विचाराल तर त्या घरातला थोर धर्मचिंतक टिळक नव्हेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि १९३० च्या दशकात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी गद्यात तिच्या तोडीची पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

लक्ष्मीबाईंचं माहेर सोवळ्याने पछाडलेलं होतं. वडिलांच्या लेखी बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू विटाळलेली, म्हणून धुऊनच घरात घ्यायची. अशा घरात वाढलेल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. काही वर्षं ती त्याच्यापासून वेगळी राहिली. मग त्याच्याजवळ राहायला आली ती आपलं सोवळं, आपला वेगळा स्वयंपाक घेऊनच. तिला टिळकांनी वादात जिंकलं नाही. एके दिवशी तिचा तिलाच प्रश्न पडला: ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांच्या जाती दिसतात तशा माणसांच्याही अंगावर दिसल्या नसत्या का? उत्तर मनात आलं आणि तिने ज्यांच्या हातचं पाणी आजवर चाललं नव्हतं त्यांच्या हातचं पाणी घेतलं. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या हिशेबी तिचा खरा बाप्तिस्मा त्या पाण्याच्या घोटात आहे. पापक्षमा, तारण, नवा जन्म असे जड शब्द ती फारसे वापरत नाही. तांब्या, चूल, पंगत, पोरांचं दुखणंखुपणं, प्लेगची छावणी यांच्यामधून ती बोलते. ख्रिस्ती धर्मविचार मराठी स्वयंपाकघरात शिरला तर काय होतं, हे पाहायला मला दुसरा ग्रंथ माहीत नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं होतं. ते अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, नवऱ्याने लिहिलं त्याच्या कितीतरी पट अधिक अध्याय लिहून. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ते पुस्तक निघालं. चारशे वर्षांत मराठीत ख्रिस्ताची दोन मोठी पुराणं झाली. एक परदेशी पाद्र्याने लिहिलं आणि दुसऱ्याचा मोठा भाग घरीच अक्षरओळख झालेल्या बाईने.

आता पडदा. मुंबईत १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा माणूस अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहायला बसला. तो नेमका कोणता चित्रपट यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फाळक्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिताना सांगितलं की डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनापुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. पुन्हा सरस्वतीबाईंना घेऊन ते चित्रपटाला गेले. त्यातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, पुढे ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’.

ही घटना आपण भारतीय चित्रपटाच्या जन्माची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती धर्मविचाराची गोष्टही वाटते. देव पडद्यावर दाखवता येतो, हे फाळक्यांना ख्रिस्ताने शिकवलं. देवाने माणसाचं शरीर घेतलं, तो भुकेला झाला, दमला, मेला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा. देवाला शरीर असेल तर त्याचं चित्र निघतं. फाळके धर्मांतरित झाले नाहीत, होण्याचा प्रश्नही नव्हता. त्यांनी गोष्ट सांगण्याची रीत घेतली आणि आपल्या देवांना दिली. स्टीफन्सने आपली ओवी घेऊन तिच्यात ख्रिस्त बसवला होता, फाळक्यांनी ख्रिस्ताचा पडदा घेऊन त्यावर कृष्ण आणला. तीनशे वर्षांनी उसनं फेडलं गेलं, तेही कुणी कुणावर जबरदस्ती न करता.

ख्रिस्तावरचे चित्रपट पुढे पुष्कळ झाले. १९७९ चा ‘जीझस’ लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि जगातल्या शेकडो भाषांत त्याचे संवाद उतरवले गेले. गावोगावी प्रोजेक्टर नेऊन तो दाखवला गेला. त्यात वेश, जागा, भांडीकुंडी पहिल्या शतकासारखी करण्याचा कटाक्ष आहे. त्याआधी एक वर्ष, १९७८ मध्ये, तेलुगूत ‘करुणामयुडु’ आला. भीमसिंग त्याचे दिग्दर्शक, विजयचंदर ख्रिस्ताच्या भूमिकेत. हिंदीत तो ‘दया सागर’ झाला आणि खेड्यापाड्यांत तंबूतून, शाळेच्या पटांगणातून दाखवला गेला. त्याच्यात गाणी आहेत आणि सगळी धाटणी आपल्या पौराणिक चित्रपटांची. इतिहासाच्या काट्यावर पहिला अधिक अचूक ठरेल. तरी आपल्या बायाबापड्यांचे डोळे दुसऱ्यात भरून येतात, कारण रडायला जागा कुठे द्यायची हे तो जाणतो. इटलीच्या पाझोलिनीने १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला. तो स्वतः नास्तिक आणि मार्क्सवादी. त्याने दक्षिण इटलीतल्या गरीब गावांत चित्रण केलं, नटांऐवजी साधी माणसं घेतली आणि म्हाताऱ्या मरियेच्या भूमिकेत आपल्या आईला उभं केलं. श्रद्धावंतांनी केलेल्या कित्येक चित्रपटांपेक्षा तो चित्रपट मला प्रार्थनेच्या जवळचा वाटतो.

मराठीत यांच्या तोडीचं काम ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने १९३६ मध्ये करून ठेवलं आहे. आजारी पोराला घेऊन, पायातलं हातात घेऊन जिजाई विठोबाच्या देवळात शिरते तो प्रसंग आठवा. देवाला जाब विचारणं हीसुद्धा भक्ती असते, हे दामले-फत्तेलालांनी एका चपलेत सांगितलं. बायबलमधला ईयोब हेच करतो, काही स्तोत्रंही हेच करतात. ख्रिस्ती अभ्यासकांनी ‘संत तुकाराम’ आपल्या अभ्यासक्रमात घ्यावा, इतकी त्यात सामग्री आहे.

एक कडू गोष्ट टाळता येणार नाही. येशूच्या पंगतीची गोष्ट ऐकून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यातल्या अनेकांना चर्चमध्ये वेगळा बाक मिळाला. जात मागे सुटली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर स्वतंत्र निबंध लिहून हे परखडपणे दाखवलं आहे आणि शेवटी १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी वेगळी वाट घेतली. माझ्यासमोर बसलेल्या अनेकांची घरं त्याच वाटेने गेलेली आहेत. ख्रिस्ती समाजाने ही टीका आपल्या धर्मशास्त्राचा भाग मानायला हवी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं त्या दिशेने बोलत राहिली. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा चारशे वर्षांची ही परंपरा मराठीच्या मुख्य व्यासपीठावर आली. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

आता तुमच्या हक्काच्या गोष्टीकडे येतो. झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळी झाली की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री दहाला घंटा होते ती पहाटेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिचे विषय कोणते? वाटणी, कर्ज, हुंडा, दारू, भावाभावांतलं वैर, आईचे हाल.

लूकच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट या विषयांच्या मधोमध बसते. एका बापाला दोन मुलं. धाकटा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. सातबारा बापाच्या नावावर असताना मागितलेली वाटणी म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. बाप देतो. पोरगा दूर देशी जाऊन उडवतो. दुष्काळ पडतो, तो डुकरं राखतो, त्यांच्यापुढच्या शेंगांवर त्याची नजर जाते. घरच्या गड्यांनाही पोटभर मिळतं हे आठवून तो परत निघतो आणि बापापुढे म्हणायचं वाक्य वाटेत घोकत येतो. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. घरातला कर्ता पुरुष, गावात मान असलेला, भर रस्त्यात धावतो. पोराचं घोकलेलं वाक्य पुरं होऊ न देता तो कपडे, अंगठी, जोडा मागवतो, जेवणावळ घालतो.

इथे बहुतेक प्रवचनं थांबतात. गोष्ट थांबत नाही. थोरला शेतावरून येतो. त्याच्या अंगाला चिखल आहे असं मी समजतो, रोवण्याचे दिवस असावेत. घरातून वाजंत्री ऐकू येते. तो गड्याला विचारतो आणि रागाने दारातच थांबतो. बाप पुन्हा घराबाहेर येतो, याच्यासाठीही. थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी राबलो, मला मित्रांबरोबर खायला एक करडू दिलं नाहीस आणि हा तुझा मुलगा आला तर एवढी पंगत! तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. बाप उत्तर देताना ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. बस, इथे येशू थांबला. थोरला आत गेला की नाही, हे त्याने सांगितलंच नाही. धर्मिष्ठ, कष्टाळू, हिशेबाला पक्की माणसं समोर बसलेली होती. उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

मी ज्यांच्याकडून ही गोष्ट ऐकली त्यांतल्या प्रत्येकाने कुणाची तरी बाजू घेतली, कुणी धाकट्याची, कुणी बापाची. थोरल्याची बाजू घेणारा मला अजून भेटायचा आहे. आणि झाडीपट्टीच्या प्रेक्षकांत अर्ध्याहून अधिक थोरलेच असतात. त्याची तक्रार खरी आहे. ती रंगमंचावर पूर्ण वजनाने मांडली गेली पाहिजे, तरच बापाचं दुसऱ्यांदा बाहेर येणं कळेल. आणखी एक: या गोष्टीत आई नाही. आईशिवाय झाडीपट्टीचं नाटक उभं राहणार नाही, म्हणून तुमच्या लेखकाला ती आणावी लागेल. आई काय म्हणेल, हे लूकने सांगितलेलं नाही. टिळकांनी देवाला माउली म्हटलं ते आठवून लिहावं लागेल. कापलेल्या वासराची मेजवानी इथे चालणार नाही, तिच्या जागी गावजेवण येईल. बदल होतील. चारशे वर्षांत ज्या ज्या चांगल्या सांगणाऱ्याने ही कथा हाती घेतली त्याने बदल केले आहेत.

म्हणून या व्यासपीठावरून तीन विनंत्या करतो. गावच्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ नसेल तर या महिन्यात आणा, आणि कचारगडच्या जत्रेत किंगरीवर लिंगो गाणारे म्हातारे परधान गायक भेटले तर त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. हिस्लॉपने जे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर केलं ते तुमच्या खिशातल्या फोनवर होण्यासारखं आहे. आणि झाडीपट्टीचे जे लेखक आज इथे आले आहेत त्यांना सांगणं असं की येत्या मंडईसाठी ही दोन भावांची गोष्ट लिहा. ती ख्रिश्चनांची आहे म्हणून बाजूला ठेवू नका. थोरल्याचं काम कंपनीतल्या सर्वांत ताकदीच्या नटाला द्या आणि तो आत गेला की नाही, ते पहाटे पाचला प्रेक्षकांवर सोडा.